एंडोमेट्रिऑसिसची शस्त्रक्रिया, गर्भाशयाचे अस्तर आणि मातृत्वाची शक्यता

पाळीच्या दिवसांत अंथरुणाला खिळवून टाकणारी ओटीपोटातील वेदना आणि विवाहानंतर काही वर्षे उलटूनही गर्भधारणा न होणे, या दोन तक्रारींच्या मुळाशी अनेकदा एकच विकार असतो. एंडोमेट्रिऑसिस हे त्याचे नाव. तपासणीत तो आढळला आणि डॉक्टरांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला, की रुग्ण स्त्री आणि तिचे कुटुंबीय यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो गर्भपिशवीचा. या शस्त्रक्रियेने गर्भाशयाचे अस्तर खराब तर होणार नाही ना, आणि पुढे मूल राहील ना?

हा प्रश्न रास्त आहे; मात्र त्यात धोक्याची जागा बहुधा चुकलेली असते. एंडोमेट्रिऑसिसची नेहमीची शस्त्रक्रिया गर्भाशयाच्या आतील अस्तरावर केलीच जात नाही. अस्तरात जे दोष आढळतात ते प्रामुख्याने रोगामुळे निर्माण झालेले असतात. शस्त्रक्रियेची खरी झळ पोहोचू शकते ती बीजांडकोशाला, म्हणजेच अंडाशयाला. त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही, केव्हा करावी आणि किती करावी, हे ठरविताना अस्तराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार बीजांडांच्या साठ्याचा करावा लागतो.

विकाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील बाजूस असणाऱ्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागते, तेव्हा त्या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. बीजांडकोश, गर्भनलिका, ओटीपोटाचे आवरण, गर्भाशयामागील अस्थिबंध आणि काही वेळा आतडे किंवा मूत्राशय येथे ही ऊती आढळते. संप्रेरकांच्या प्रभावाने तिच्यातही बदल होतात आणि रक्तस्राव होतो. हे रक्त बाहेर पडण्यास वाट नसल्याने तेथे दाह निर्माण होतो, व्रण तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात. बीजांडकोशात जुने, गडद तपकिरी रक्त साचून झालेल्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुली, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणी, या विकाराने ग्रस्त आहेत. भारतात या विषयावर मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था काम करीत असून, तिच्या पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांत रुग्णांची वैद्यकीय आणि जनुकीय माहिती संकलित करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे.

पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलट दिशेने पोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, ही उपपत्ती अमेरिकी शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडली. मात्र असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो आणि विकार थोड्यांनाच जडतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही त्यात वाटा असावा, असे आज मानले जाते.

अस्तराचे कार्य

गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीवाटे गळून पडतो. खालचा मूळ थर कायम राहतो व त्यापासून नवे अस्तर तयार होते. शेतातील पीक कापले तरी मुळे शाबूत असतील तर पुन्हा फुटवा येतो, तसाच हा प्रकार आहे. मूळ थर सुरक्षित असेपर्यंत अस्तराची भरपाई होत राहते. त्यालाच खोलवर इजा झाली, तर मात्र अस्तर पुन्हा नीट वाढत नाही.

गर्भ रुजण्यासाठी अस्तर केवळ जाड असून भागत नाही. बीजांड बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने अस्तरात अनेक सूक्ष्म बदल घडतात आणि मोजक्या काही दिवसांपुरतेच ते गर्भाला स्वीकारण्यास सज्ज होते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी समाधानकारक दिसली, तरी ही सज्जता तिच्यावरून पूर्णपणे कळत नाही.

रोग बाहेर, परिणाम आत

एंडोमेट्रिऑसिस गर्भाशयाबाहेर असला तरी त्याचा प्रभाव आतील अस्तरापर्यंत पोहोचतो, हे गेल्या काही दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. अशा अनेक स्त्रियांच्या अस्तराचा प्रोजेस्टेरॉनला मिळणारा प्रतिसाद क्षीण झालेला असतो. अस्तरात इस्ट्रोजेनचे प्रमाण आणि दाह वाढलेला आढळतो. गर्भ रुजण्यासाठी आवश्यक असलेल्या ‘होक्स-ए-१०’ या जनुकाचे कार्यही अनेकींमध्ये मंदावलेले दिसते.

यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, असा प्रश्न होता. त्याचे काही उत्तर प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले. निरोगी उंदरांच्या पोटात कृत्रिमरीत्या हा विकार निर्माण केल्यावर त्यांच्या गर्भाशयातील, स्पर्शही न झालेल्या अस्तरात जनुकांच्या कार्यात बदल घडून आल्याचे अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. बबून जातीच्या माकडांतही अशाच स्वरूपाचे निष्कर्ष मिळाले होते. म्हणजेच बाहेरचा रोग आतल्या अस्तराला बिघडवू शकतो.

तथापि, वंध्यत्वाचा सगळा दोष अस्तरावर टाकता येत नाही. स्पेनमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच दात्या स्त्रीची बीजांडे दोन गटांतील स्त्रियांना विभागून देण्यात आली होती. एका गटातील स्त्रियांना तीव्र एंडोमेट्रिऑसिस होता, दुसऱ्या गटातील स्त्रियांना तो नव्हता. दोन्ही गटांत गर्भ रुजण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. निरोगी स्त्रीचे बीजांड मिळाले, तर रोगग्रस्त स्त्रीचे गर्भाशयही ते स्वीकारू शकते, असा त्याचा अर्थ होतो. बीजांडांची संख्या व गुणवत्ता, गर्भनलिकांची स्थिती आणि स्त्रीचे वय यांचे महत्त्व त्यामुळे अधोरेखित होते.

शस्त्रक्रियेत काय केले जाते

ही शस्त्रक्रिया बहुतांशी लॅपरोस्कोपीद्वारे, म्हणजे पोटावर छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने केली जाते. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो. त्यानंतर रोगाचे ठिपके कापून काढले किंवा जाळले जातात, चिकटलेले अवयव मोकळे केले जातात आणि बीजांडकोशातील गाठ असल्यास तिचे आवरण सोलून काढले जाते. गर्भनलिका खुल्या आहेत का, हे पाहण्यासाठी गर्भाशयमुखातून निळे द्रावण सोडले जाते. ते गर्भाशयाच्या पोकळीतून जाते, परंतु अस्तराला इजा करीत नाही.

याच वेळी अनेकदा गर्भाशयाच्या आतूनही दुर्बिणीने पाहणी केली जाते आणि आवश्यकता असल्यास अस्तराचा छोटा नमुना तपासणीसाठी घेतला जातो. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण असल्याने या तपासणीला येथे विशेष अर्थ आहे. असा नमुना घेतल्याने अस्तराचे सहसा कायमचे नुकसान होत नाही.

बोलीभाषेत ‘पिशवी साफ करणे’ असे ज्याला म्हणतात, ती क्युरेटिंगची प्रक्रिया आणि एंडोमेट्रिऑसिसची शस्त्रक्रिया या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. नावातील साधर्म्यामुळे होणारा आणखी एक गोंधळ म्हणजे अतिरक्तस्रावासाठी अस्तर जाळण्याची प्रक्रिया. ती हेतुपुरस्सर अस्तर नष्ट करते आणि मूल हवे असणाऱ्या स्त्रीसाठी ती नाहीच. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर नेमक्या कोणत्या प्रक्रियेचा उल्लेख आहे, हे समजून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

अस्तरात सुधारणा होते का

बाहेरचा रोग काढल्यावर आतील अस्तर सुधारते का, याविषयीचे पुरावे आशादायक असले तरी मर्यादित आहेत. बीजांडकोशातील चॉकलेट सिस्ट दुर्बिणीद्वारे काढल्यानंतर गर्भ रुजण्याच्या सुमारास अस्तरातील ‘होक्स-ए-१०’ जनुकाचे कार्य वाढल्याचे तुर्कस्तानातील संशोधकांनी २०१५ साली नोंदविले. परंतु जनुकाच्या कार्यात वाढ होणे आणि प्रत्यक्षात बाळ जन्माला येणे यांत बरेच अंतर आहे. केवळ अस्तर सुधारावे एवढ्याच हेतूने शस्त्रक्रिया करावी, असे म्हणण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही.

एका परिस्थितीत मात्र शस्त्रक्रियेचा लाभ निश्चित दिसून आला आहे. रोगामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे गर्भनलिका बंद होऊन तिच्यात पाणी साचले, तर ते पाणी गर्भाशयात झिरपून गर्भ रुजण्यास अडथळा आणते. अशी सुजलेली नलिका आयव्हीएफपूर्वी काढून टाकल्यास किंवा गर्भाशयाजवळ बंद केल्यास गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे विविध चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.

गर्भधारणेविषयीचे पुरावे

सौम्य स्वरूपाच्या विकारात शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का, याविषयी सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास कॅनडातील असून तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वंध्यत्वाची तक्रार असलेल्या ३४१ स्त्रियांचा समावेश होता. दुर्बिणीने केवळ पाहणी केलेल्या गटात पुढील ३६ आठवड्यांत १७.७ टक्के स्त्रियांची गर्भधारणा २० आठवड्यांपलीकडे टिकली. रोगाचे ठिपके नष्ट केलेल्या गटात हे प्रमाण ३०.७ टक्के होते. इटलीत १९९९ साली झालेल्या तुलनेने लहान अभ्यासात मात्र असा लाभ आढळला नाही. सर्व पुरावे एकत्रित पाहता सौम्य विकारात शस्त्रक्रियेने नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता काहीशी वाढते, असे तज्ज्ञांचे मत आहे. ही वाढ उपयुक्त असली तरी ती हमी नव्हे.

चॉकलेट सिस्टच्या बाबतीत गाठीतील द्रव केवळ काढून घेण्यापेक्षा तिचे आवरण सोलून काढणे अधिक परिणामकारक ठरते. इटलीतील १९९८ सालच्या ६४ रुग्णांवरील चाचणीत आवरण काढलेल्या गटात दोन वर्षांतील गर्भधारणेचे प्रमाण ६६.७ टक्के, तर गाठ रिकामी करून जाळलेल्या गटात २३.५ टक्के होते. वेदना व गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते.

किंमत मोजतो तो बीजांडकोश

परंतु याच परिणामकारक पद्धतीची दुसरी बाजूही आहे. चॉकलेट सिस्टचे आवरण बीजांडकोशाला घट्ट चिकटलेले असते. ते सोलताना काही निरोगी ऊती आणि तिच्यातील अपक्व बीजांडेही निघून जातात. रक्तस्राव थांबविण्यासाठी विजेच्या उपकरणाने ऊती जाळल्यास आणखी हानी होऊ शकते. बीजांडांचा हा साठा जन्मतःच मर्यादित असतो. अस्तर दर महिन्याला नव्याने तयार होते. गमावलेली बीजांडे मात्र परत मिळत नाहीत.

साठ्याचा अंदाज घेण्यासाठी एएमएच ही रक्ततपासणी केली जाते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ साली आठ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गाठ काढल्यानंतर एएमएचची पातळी सरासरी ३८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. दोन्ही बीजांडकोशांतील गाठी काढलेल्या १२६ स्त्रियांच्या इटलीतील अभ्यासात २.४ टक्के स्त्रियांच्या बीजांडकोशांचे कार्य शस्त्रक्रियेनंतर थांबल्याची नोंद २००६ साली झाली. अर्थात, केवळ गाठीमुळेही साठा घटतो, आणि एएमएच कमी असले म्हणजे नैसर्गिक गर्भधारणा अशक्य असते असे नाही. तरीही वाढते वय, दोन्ही बाजूंच्या गाठी आणि पूर्वी झालेली शस्त्रक्रिया हे तीन घटक एकत्र आले, तर विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

हा विकार पुन्हा उद्भवतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर पुढील उपचार न घेतल्यास पाच वर्षांत ४० ते ५० टक्के रुग्णांमध्ये तो परत येऊ शकतो. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करीत राहिल्यास दरवेळी साठ्यातून काहीतरी वजा होते.

औषधांमुळे पातळ होणारे अस्तर

शस्त्रक्रियेनंतर पाळी बंद झाली किंवा अस्तर पातळ दिसू लागले, अशी तक्रार काही रुग्ण करतात आणि त्याचा दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे कारण बहुधा नंतर दिलेली औषधे असतात. डायनोजेस्टच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने किंवा काही इंजेक्शने रोग दाबून ठेवण्यासाठी दिली जातात. ती सुरू असेपर्यंत अस्तर पातळ राहते. औषध थांबविल्यावर ते सहसा पूर्ववत होते. काही दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनांनंतर त्यास काही महिने लागू शकतात.

तात्काळ मूल नको असलेल्या स्त्रियांना रोग परतू नये म्हणून अशी औषधे उपयुक्त ठरतात. मात्र गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रीला, केवळ प्रजननक्षमता वाढावी म्हणून ती देऊ नयेत, असे युरोपातील मानवी प्रजननविषयक तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. औषध सुरू असताना गर्भधारणा होत नाही, आणि त्या काळात मौल्यवान महिने मात्र निघून जातात.

अस्तराला खरी इजा केव्हा होते

गर्भाशयाच्या अस्तराला कायमची हानी पोहोचविणारी कारणे वेगळी आहेत. गर्भपात किंवा प्रसूतीनंतर खोलवर केलेले क्युरेटिंग हे त्यांपैकी प्रमुख होय. मूळ थरच खरवडला गेल्यास गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. जोसेफ अशरमन यांनी १९४८ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. क्षयरोगामुळेही अस्तराचे असेच नुकसान होऊ शकते.

अनेक रुग्णांमध्ये एंडोमेट्रिऑसिससोबत अ‍ॅडिनोमायोसिस हा विकारही असतो. त्यात अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या स्नायूंत शिरते. ही ऊती काढण्याची शस्त्रक्रिया गर्भाशयाच्या भिंतीवरच करावी लागते व तीत आतील पोकळी उघडली जाण्याची शक्यता असते. पुढील गरोदरपणात भिंत फाटण्याचा धोकाही राहतो. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेचा निर्णय निवडक रुग्णांत आणि अनुभवी शल्यविशारदांकडूनच घेतला जावा, अशी अपेक्षा असते.

शस्त्रक्रिया की आयव्हीएफ

पूर्वी चॉकलेट सिस्ट आढळताच, आयव्हीएफपूर्वी ती काढण्याची प्रथा होती. आता हे मत बदलले आहे. केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून गाठ काढण्याची सरसकट शिफारस २०२२ सालच्या सूचनांत केलेली नाही. कारण त्यामुळे बाळ होण्याचे प्रमाण वाढत नाही आणि साठा मात्र घटतो. तीव्र वेदना, कर्करोगाची शंका, किंवा गाठीमुळे बीजांडांपर्यंत पोहोचणे अशक्य होणे, ही शस्त्रक्रियेची सबळ कारणे ठरतात.

तरुण वय, चांगला साठा, खुल्या गर्भनलिका आणि असह्य वेदना असल्यास शस्त्रक्रिया करून काही काळ नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहणे योग्य ठरू शकते. वय पस्तिशीपुढे गेलेले, साठा घटलेला, किंवा पतीच्या वीर्यतपासणीत दोष आढळलेला असेल, तर थेट आयव्हीएफचा विचार करणे श्रेयस्कर ठरते. पतीची तपासणी न करताच पत्नीवर शस्त्रक्रिया होणे ही टाळता येण्याजोगी चूक आहे. शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता अजमावण्यासाठी २०१० साली तयार करण्यात आलेला शून्य ते दहा गुणांचा निर्देशांकही वापरला जातो. त्यात वय, वंध्यत्वाचा कालावधी, पूर्वीची गर्भधारणा आणि शस्त्रक्रियेनंतर नलिका व बीजांडकोश यांची स्थिती विचारात घेतली जाते.

अविवाहित तरुणींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोन्ही बाजूंच्या गाठींसाठी शस्त्रक्रिया आवश्यक असल्यास तत्पूर्वी बीजांडे गोठवून ठेवण्याचा पर्याय उपलब्ध आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ नुसार नोंदणीकृत केंद्रांत २१ वर्षांवरील व ५० वर्षांखालील स्त्रीला अशा सेवा घेता येतात. खर्च, संप्रेरकांची इंजेक्शने आणि यशाची अनिश्चितता यांचा विचार करूनच हा निर्णय घ्यावा लागतो. परंतु पर्याय आहे हे तिला शस्त्रक्रियेपूर्वी कळणे महत्त्वाचे आहे.

निर्णयापूर्वी काय विचारावे

रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत, असा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू वेदनामुक्ती आहे की गर्भधारणा? एएमएच व सोनोग्राफीनुसार साठा किती आहे? गाठ एका बाजूला आहे की दोन्ही? रक्तस्राव थांबविण्यासाठी कोणती पद्धत वापरली जाईल? गर्भाशयाच्या आत काही करण्याचा विचार आहे का, आणि असल्यास कशासाठी? शस्त्रक्रियेनंतर किती महिने वाट पाहायची आणि त्यानंतर पुढचे पाऊल कोणते? शस्त्रक्रियेची चित्रफीत आणि अहवाल जपून ठेवल्यास पुढील उपचारांत त्यांचा उपयोग होतो.

गर्भधारणा झाल्यानंतरही हा इतिहास प्रसूतितज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे. अशा स्त्रियांमध्ये गर्भपाताचा आणि वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ असण्याचा धोका काहीसा अधिक असतो. बहुतेक गरोदरपणे सुखरूप पार पडतात. मात्र नियमित तपासणीत खंड पडता कामा नये.

एंडोमेट्रिऑसिस म्हणजे वंध्यत्व, हे समीकरण चुकीचे आहे. या विकाराच्या अनेक स्त्रिया उपचारांविना, तर अनेक जणी उपचारांनंतर माता झाल्या आहेत. शस्त्रक्रियेने गर्भपिशवीचे अस्तर नष्ट होते ही भीती बाळगून असह्य वेदना सोसत राहणे जसे योग्य नाही, तसेच गाठ दिसताच ती काढून टाकण्याची घाईही योग्य नाही. अस्तर दर महिन्याला नव्याने घडते, बीजांडांचा साठा मात्र एकदाच मिळतो, हे ध्यानात ठेवून रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून घेतलेला निर्णयच हिताचा ठरतो.